आबांची पद्मिनी

आमच्या आबांनी १९८४ साली जुनी पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० चंच हे सत्तरच्या दशकातलं नवं नाव. गावात दुसरी मोटार नव्हती. बाळंतीण असो की सर्पदंश, माणसं आमच्याच दारात यायची.

त्या हिवाळ्यात गाडी चालू व्हायला छळू लागली. चोक ओढला तरी नुसती खाकरायची. चालू झालीच, तर ॲक्सिलरेटर सोडताच थडथडून बंद. पेट्रोलात कचरा असेल म्हणून कार्बोरेटर दोनदा धुतला. फरक शून्य.

एका पहाटे धाकट्या काकूला कळा सुरू झाल्या. दहा जणांनी ढकलली तेव्हा गाडी लागली. दवाखाना येईपर्यंत आबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला नाही. तासाभरात पोरगी झाली.

दुपारी गाडी ढकलतच तालुक्याच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं प्लग काढून इंजिनाला टेकवला.

"ठिणगी बघा आबा, पिवळी, मरतुकडी. पेट्रोलचा दोष न्हाई ह्यो."

डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं, तर पॉइंट जळून खड्डे पडलेले. पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, फट मापून घेतली, आणि गाडी पहिल्याच सेल्फला लागली.

त्या दिवसापासून पॉइंटचा एक जोड डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम असायचा.