एक यंत्र, अनेक पाळ्या : धारच्या ‘ज्ञानदूता’ची हकीकत

देवास या एकाच गावात दोन राजे नांदत होते, असे माळव्याबाहेरच्या माणसास सांगितले तर प्रथम त्याला ते खरे वाटत नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बाजीराव पेशव्यांच्या मोहिमांबरोबर तुकोजीराव आणि जिवाजीराव हे पवार बंधू माळव्यात आले. पुढे त्यांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली आणि १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत ती एकमेकांस खेटून टिकली. दोन दरबार, दोन कारभार, गाव मात्र एकच. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने येथे राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी या व्यवस्थेची मौज आपल्या ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात नोंदविली आहे. परक्याला ती मौज वाटावी हे स्वाभाविक आहे. पण एक वस्तू आणि तिचे धनी अनेक, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. भावकीतल्या विहिरीचा तंटा ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला देवासचे नवल वाटणार नाही.

हा प्रश्न सोडविण्याच्या रीती मुख्यतः दोन. एक जागेच्या वाटणीची, म्हणजे या हद्दीपर्यंत तुझे, पुढे माझे. दुसरी वेळेच्या वाटणीची, म्हणजे विहिरीवरच्या पाळीची. देवासने पहिली रीत धरली. संगणकाच्या इतिहासात जी रीत यशस्वी झाली ती दुसरी. आणि तिचा आपल्या भागातला सर्वांत लक्षणीय प्रयोग देवासच्या शेजारी, धार जिल्ह्यात झाला.

आरंभीचे संगणक खोलीभर मोठे, अतोनात महाग आणि एका वेळी एकाचेच काम करणारे होते. छिद्रित पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी यायचे. १९५९ मध्ये इंग्लंडचे क्रिस्टोफर स्ट्रेची आणि अमेरिकेचे जॉन मॅकार्थी यांनी जवळपास एकाच वेळी, यंत्राचा वेळ अनेकांत वाटण्याची कल्पना मांडली. माणूस एक अक्षर टंकून दुसऱ्याचा विचार करीपर्यंत यंत्राची हजारो कामे उरकतात; मग त्या फटीत त्याने दुसऱ्याकडे का पाहू नये? लग्नातल्या पंगतीत एक वाढपी चाळीस पानांचे पाहतो. जेवणारा पहिला घास घेत असतो तोवर तो पुढच्या पानाकडे गेलेला असतो, आणि वाढपी चपळ असेल तर प्रत्येकाला तो आपल्याच पुढे उभा आहे असे वाटते. नोव्हेंबर १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी यंत्रणा चालवून दाखविली. आज घरोघरी डोकेदुखी होऊन बसलेला ‘पासवर्ड’ संगणकात आला तो येथूनच. यंत्र सामाईक झाले म्हणून प्रत्येकाच्या कप्प्याला कुलूप लावावे लागले. याच यंत्रणेत पुढे एकदा एका चुकीमुळे सर्वांचे पासवर्ड सर्वांच्याच समोर छापले गेले होते. सामाईक भिंतीला कान असतात, हा अनुभव चाळीत राहिलेल्यांना नवा नाही.

१९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ही सोय सामान्य विद्यार्थ्यांस उपलब्ध करून दिली आणि त्यासाठी ‘बेसिक’ ही सोपी भाषाही घडविली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सत्तरच्या दशकात अशा पाळीने चालणारा मोठा संगणक आला. पुढे यंत्रे स्वस्त झाली, टेबलाटेबलावर आली, आणि पाळीची गरजच संपली असे पुष्कळांना वाटू लागले.

धारसारख्या जिल्ह्यात ती संपली नव्हती. अर्ध्याहून अधिक वस्ती आदिवासींची, गावे टेकड्यांत विखुरलेली, आणि एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मजुरी बुडवून, बसचे भाडे भरून तहसिलीला दोन-तीन खेपा घालायच्या. प्रत्येक गावाला सर्व माहिती भरलेले स्वतंत्र यंत्र देणे शक्य नव्हते, आणि दिले असते तरी त्यातील बाजारभाव दुसऱ्या दिवशी शिळे झाले असते. म्हणून १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ सुरू झाला. धारच्या जिल्हा पंचायतीच्या कार्यालयात एक सर्व्हर. तो काही महासंगणक नव्हता. त्याला टेलिफोनच्या तारेने जोडलेली सुमारे वीस ‘सूचनालये’ खेडोपाडी उघडली गेली. गावे निवडताना आठवड्याचा हाट कोठे भरतो, बस कोठे थांबते हे पाहिले होते, त्यामुळे एकेका सूचनालयाच्या आवाक्यात वीस-पंचवीस गावे येत. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे २५ लाख रुपये, आणि तो बहुतांशी पंचायतींनी व स्थानिक लोकांनी उचलला. याचे श्रेय तेव्हाचे जिल्हाधिकारी राजेश राजोरा आणि जिल्हा पंचायतीचे मुख्य कार्यपालन अधिकारी अमित अग्रवाल यांच्याकडे जाते. त्याच वर्षी या उपक्रमास स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे अभ्यासक धारच्या धर्मशाळांचा पत्ता विचारू लागले.

सूचनालय चालविणारा ‘सूचक’ हा गावातलाच शिकलेला तरुण. त्याला पगार नव्हता. घेतलेल्या शुल्कातून त्याने पोट भरायचे आणि त्यातला वाटा जिल्हा पंचायतीला द्यायचा. मंडीतील भाव पाच रुपयांत कळत. खसऱ्याची नक्कल (आपला सातबारा म्हणा), जातीचा, उत्पन्नाचा किंवा रहिवासाचा दाखला, यांसाठी अर्ज करता येई. हातपंप नादुरुस्त आहे, मास्तर येत नाहीत, अशा तक्रारी दहा रुपयांत थेट जिल्ह्याला जात, आणि सात दिवसांत उत्तर देण्याचे वचन होते. बागडी गावच्या शेतकऱ्यांनी स्थानिक व्यापाऱ्याचा भाव नाकारून बटाटा इंदूरच्या मंडीत नेला आणि क्विंटलमागे सुमारे शंभर रुपये जास्त मिळविले, ही गोष्ट त्या वेळी प्रत्येक अहवालात सांगितली जाई.

वीस गावांतील सूचक एकाच सर्व्हरशी एकाच वेळी बोलू शकत, यात तांत्रिक अडचण नव्हती. अडचण तारेत होती. टेलिफोनने जोडणी म्हटल्यावर धारच्या टोकाला जितक्या वाहिन्या मोकळ्या तितकेच सूचक आत. बाकीचे व्यग्रतेचा स्वर ऐकत बसणार. खेड्यांतील एक्स्चेंजांची अवस्था त्या काळी काय होती ते सांगायला नको. वीज गेली की बॅटरीवर काही तास निघत, मग अंधार. पुढे मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले बिनतारी तंत्र आणून यावर उपाय करण्यात आला. तारांचे दुखणे हे पैशाने बरे होणारे दुखणे असते.

खरे दुखणे दुसऱ्या टोकाला होते, आणि ते मला परक्याच्या अहवालातून समजून घ्यावे लागले नाही. शासकीय सेवेत टेबलाच्या आतल्या बाजूस बसण्यात माझी तीस वर्षांवर वर्षे गेली. सूचकाने पाठविलेला अर्ज क्षणात धारला पोहोचे. पण तेथून पुढे तो कागद होऊन त्याच तहसिलीतल्या त्याच टेबलावर जाई जेथे तो पूर्वी पायी जात असे. यंत्र एका अर्जदाराच्या उत्तराची वाट पाहत असताना दुसऱ्याचे काम हाती घेते. कारकून साहेबांच्या सहीची वाट पाहत असला तर त्याच्यापुढचे सगळेच थांबते. तो रजेवर गेला तर टेबलच रजेवर जाते. शिवाय यंत्राला वीस जण सारखे दिसतात. टेबलाला तसे दिसत नाहीत. कोण ओळखीचा, कोण सरपंचाच्या नात्यातला, कोणाचे काम उद्यावर ढकलले तरी ओरड होणार नाही, हे टेबलाला पक्के ठाऊक असते. ज्या अधिकाऱ्यांनी योजना उभी केली त्यांचा वचक होता तोवर सात दिवसांचे वचन बऱ्यापैकी पाळले गेले. बदल्या झाल्या, आणि नव्याने आलेल्यांची आवड निराळी होती.

२००२ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा सूचनालयांचा वापर अपेक्षेहून पुष्कळच कमी आढळला आणि अगदी गरीब माणूस तेथे फारसा फिरकत नसल्याचे दिसले. यावर ‘लोक अशिक्षित आहेत’ हे ठरावीक स्पष्टीकरण दिले गेले. मला ते पटत नाही. दहा रुपये देऊन केलेल्या तक्रारीचे उत्तर आले नाही तर अकरावा रुपया कोण देईल? तो व्यवहार समजायला अक्षरओळख लागत नाही. भुर्दंड पडला तो मुख्यतः सूचकांना. स्वतःच्या उमेदीची वर्षे घालून बसलेल्या या मुलांपैकी काहींनी टंकलेखन, छायाचित्रे, संगणकवर्ग असे जोडधंदे करून दुकान चालू ठेवले. काही सूचनालये बंद पडली.

दूरवरून एकाच संगणकात शिरण्याची सोय आज घराघरांत आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून टेबलावरचा संगणक दुसरीकडून उघडता येऊ लागला. परंतु एका वेळी एकालाच. बाहेरचा आत आला की जवळ बसलेल्याचा पडदा बंद होतो. अनेकांना एकाच वेळी प्रवेश हवा असेल तर त्याच कंपनीची निराळी, सर्व्हरसाठीची प्रणाली आणि माणसागणिक परवाना घ्यावा लागतो. लिनक्स या मुक्त प्रणालीला असे बंधन नाही. एकाच साध्या यंत्रावर तिच्यात अनेक जण सुखाने नांदतात. म्हणजे यंत्र दोन्हींकडे तेच. पाळी द्यायची की नाही हे करारनामा ठरवितो. देवासच्या दोन पात्यांची हद्दही कोण्या नदीने किंवा डोंगराने नव्हे, वाटणीच्या कागदानेच आखली होती.

टेबलाच्या पाळीचा कागद मध्यप्रदेशात २०१० मध्ये झाला. लोकसेवा प्रदानाच्या हमीचा हा कायदा, देशातला या प्रकारचा पहिला. महाराष्ट्राने तसा कायदा २०१५ मध्ये केला. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा, कोणी द्यायचा, न दिल्यास अपील कोणाकडे, हे त्यात सेवेगणिक लिहिलेले आहे. विलंबाला दिवसामागे २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड, तोही संबंधित अधिकाऱ्याच्या खिशातून, आणि त्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देण्याची तरतूद. कायदा लागू झाला तेव्हा आमच्या वर्गात मोठी कुरकुर झाली. अपुरे कर्मचारी, निवडणुकीची कामे, जनगणना ही सारी कारणे खरीही होती. तरी एक बदल तेव्हा मी डोळ्यांनी पाहिला. पूर्वी आलेले अर्ज एकावर एक रचले जात, त्यामुळे तळाचा अर्ज तळालाच राही. आता कारकून रोज सकाळी गठ्ठा उलटा करून, ज्याची मुदत आधी संपते तो अर्ज वर काढू लागला.