शिंगांचे पेले आणि त्यांचा रुपेरी साज

पानपात्रांचा इतिहास पाहू जाता मृत्तिका व धातू यांच्या जोडीने जनावरांच्या शिंगांनाही मानाचे स्थान द्यावे लागते. रोमन सेनापती ज्यूलियस सीझर याने गॉलच्या युद्धवृत्तांताच्या सहाव्या खंडात जर्मनीच्या अरण्यातील महाकाय रानबैलांचे वर्णन केले आहे. तेथील लोक त्यांच्या शिंगांचे काठ रुप्याने मढवीत आणि थाटाच्या मेजवान्यांत त्यांचे पेले करीत, असे तो सांगतो. या रानबैलांच्या जातीतील अखेरची गाय १६२७ साली पोलंडात मेली व ती जात नामशेष झाली.

शिंग म्हणजे हाडाच्या गाभ्यावरील कठीण कवच होय. ज्या द्रव्याची आपली नखे, त्याच द्रव्याचे ते असते. पेला करावयाचा तर शिंग भिजवून वा उकळून गाभा सैल करावा, तो ओढून काढावा, आतील मळ खरवडून शिंग धुवावे व सावलीत सुकवावे. मग आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात द्यावा, म्हणजे पेयास दर्प लागत नाही. मात्र अशा पेल्यात ऊन पेय चालत नाही, मेण वितळते.

जुन्या पेल्याची दुरुस्ती याहून नाजूक. उकळत्या पाण्याने शिंग मऊ पडून त्याचा आकार बिघडतो, अति कोरड्या हवेने तडे जातात आणि कसर त्यास पोखरते. काठाचे रुपे उजळण्याच्या हौसेने जोराने घासले, तर वरील सोन्याचा मुलामा निघून जातो. तो पुन्हा चढविता येईल. पण मूळ कारागिराचे काम गेले ते गेलेच.

इंग्लंडातील सफोक परगण्यात सटन हू येथे १९३९ साली सातव्या शतकातील नौकासमाधी उघडकीस आली. तीत अशा मोठ्या शिंगांच्या पेल्यांची जोडी होती. शिंगे बहुतांशी कुजली होती. मुलामा दिलेला रुपेरी साज तेवढा उरला होता. त्यावरूनच संशोधकांनी पेल्यांचा आकार पुन्हा उभा केला. तो साज घडविणाऱ्याचे नाव मात्र कोणास ठाऊक नाही.

आपल्या सुवर्णकार ज्ञातीने यावरून बोध घ्यावा. पूर्वजांच्या हातचे कितीतरी नग दुकानी मोडीत येतात आणि मुशीत जातात. ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती की, असा जुना नग आल्यास प्रथम त्याचे छायाचित्र घ्यावे, वजन आणि मालकाने सांगितलेली हकीकत वहीत टिपावी, व मगच विस्तवाकडे वळावे.