अच्छेद्य संख्या

काशीच्या घाटांसमोर, गंगेच्या पैलतीरी, रामनगर वसले आहे. अठराव्या शतकात बलवंतसिंहांनी तेथे किल्ला बांधला आणि काशीनरेशांच्या आश्रयाने त्यात पोथ्यांचा मोठा संग्रह झाला. ऐलतीरी संस्कृत पाठशाळेच्या सरस्वती भवनातही तसाच ठेवा जमला. या पाठशाळेत १८४२ साली एक मराठी गणिती अध्यापक झाले. ते पुण्यात १८२१ साली जन्मलेले बापूदेव शास्त्री होत. त्यांच्यानंतर ते स्थान सुधाकर द्विवेदी यांच्याकडे गेले. आणि सुधाकरांचे पुत्र पद्माकर यांनी नारायण पंडिताची 'गणितकौमुदी' १९३६ व १९४२ साली दोन भागांत संपादून सरस्वती भवन ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. मूळ ग्रंथ १३५६ सालचा. पोथीला छापखाना भेटण्यास सुमारे पावणेसहाशे वर्षे लागली!

या ग्रंथाच्या 'भागादान' प्रकरणात संख्येचे भाजक शोधण्याची एक सुरेख रीत आहे. दिलेल्या संख्येहून मोठा वर्ग घ्यावा आणि त्यातून ती संख्या वजा करावी. बाकीही वर्गच आली की काम झाले. ३९१ ही संख्या घ्या. २०चा वर्ग ४००. बाकी ९, म्हणजे ३चा वर्ग. तेव्हा भाजक २०−३ आणि २०+३, अर्थात १७ व २३. बाकी वर्ग नसेल, तर पुढचा वर्ग घेऊन पाहायचे.

फ्रान्समध्ये फर्मा याने १६४३ साली हीच वाट स्वतंत्रपणे शोधली आणि २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडून दाखविली. ४५,०३० पासून आरंभ केला की बाराव्याच पायरीला ४५,०४१ येतो. बाकी १,०२०चा वर्ग. भाजक निघाले ४४,०२१ आणि ४६,०६१. ते एकमेकांजवळ होते, म्हणून ही त्वरा.

आता जवळजवळ तेवढीच दुसरी संख्या घ्यावी: २,१४,७४,८३,६४७. दोन हा अंक एकतीस वेळा घेऊन गुणाकार करावा आणि त्यातून एक वजा करावा, म्हणजे ही संख्या मिळते. हिला तीच रीत लावली तर एकशे सात कोटींहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात आणि शेवटी हाती येते ते एक आणि ती संख्या स्वतःच! कारण ही मूळ संख्या आहे. नारायणाच्या परिभाषेत अच्छेद्य. संख्या फुटली तर भाजक दाखविला की पुरावा संपतो. फुटत नाही हे सिद्ध करावयाचे, तर एकही भाजक निसटू देऊन चालत नाही.

ते ऑयलरने १७७२ साली साधले. या संख्येला मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ने भागून बाकी १ किंवा ६३च उरेल, हे त्याने आधी सिद्ध केले. त्यामुळे ४६,३४०पर्यंतच्या हजारो उमेदवारांतून थोडकेच तपासावयाचे उरले. त्यांपैकी एकानेही भाग गेला नाही. त्या सुमारास ऑयलरची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली होती.