सरपणातली अळी आणि करवतीचे दात

आपल्या जुन्या घरांत सरपण चुलीत घालण्याआधी जमिनीवर आपटत, पुंजणीने पुंजत. सालीखाली अळी असेल तर बाहेर यावी म्हणून. गंमत अशी, की पेट्रोलवरच्या साखळी-करवतीचे दात याच जातकुळीच्या अळीवरून घडले आहेत.

जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ साली विजेवरची साखळी-करवत काढली, १९२९ मध्ये पेट्रोलवरची. ती चालवायला दोन माणसे लागत, आणि दात सतत घासून धारदार करावे लागत. १९४६ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जो कॉक्स या लाकूडतोड्याला एका ओंडक्यात अळी दिसली. जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत ती लाकूड सहज पोखरत होती, उभे असो वा आडवे. त्याने तो जबडा पोलादात उतरवला आणि १९४७ साली पोर्टलंडमध्ये, घराच्या तळघरात, तशा साखळ्या करायला घेतल्या. पुढे यंत्रही एका माणसाला पेलेल इतके हलके झाले. थंड देशांत घरच्या घरी हिवाळ्याचे लाकूड कापणे सोपे झाले ते असे.

उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या कथेत पंधरा कर्मादाने येतात. त्यांत जंगलतोडीचा धंदा म्हणजे वनकर्म, कोळसे पाडण्याचा म्हणजे इंगालकर्म. निषेध धंद्याचा आहे. घरच्या चुलीसाठी उरते ती जयणा. कॉक्सने अळी निरखली तेवढी आपणही क्वचितच निरखतो! पण फिरत्या साखळीपुढे आपटून, पुंजून बघायला सवड नसते.

म्हणून खरी जयणा साठवणीत. ओल्या लाकडात बुरशी लवकर धरते. उन्हाळ्यातच फोडायचे, विटांवर उंच रचायचे, वरून झाकायचे, बाजू वाऱ्याला मोकळ्या. आगोटीला सरपण भरताना बायका हेच करत.