सफारीवरचा मधुचंद्र : एका एकांताचा इतिहास

लग्न झाले की नव्या जोडप्याने पहिला प्रवास करायचा तो कुलदैवताचा, अशी आपल्याकडची रीत. कुणी जोतिबाला जाई, कुणी जेजुरीला, कुणी सौंदत्तीच्या यल्लम्माला, तर कुणी गोव्यात मंगेशीला. बरोबर ओटीचे सामान असे, एखादी नणंद असे, दोन वडीलधारी माणसे असत. नसे तो एकांत. पुढे महाबळेश्वर, माथेरान, उटी आली आणि 'मधुचंद्र' हा शब्द मध्यमवर्गीय घरांत धीटपणे बोलला जाऊ लागला. आता तो समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोचला आहे. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली, बंगळूर-पुण्यात नोकरी करणारी मुले लग्नपत्रिका द्यायला येतात, तेव्हा केनिया-टांझानियाच्या सफारीचे बेतही सांगतात. कापडी तंबू, तंबूत पांढरीशुभ्र गादी, बाहेर शेकोटी, दूरवर सिंहाची डरकाळी आणि त्या अफाट रानात आपण दोघेच! प्रवासी कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत तरी दोघेच असतात.

हे 'दोघेच' कसे निर्माण झाले, त्यांच्या भोवतीचे रान रिकामे कसे झाले आणि त्या रानापर्यंतची वाट कुणी बांधली, हा इतिहास मोठा उद्बोधक आहे. त्यात मुंबईचा, पुण्याचा आणि गोव्याचाही थोडाबहुत हिस्सा आहे. नव्या जोडप्यांनी बेत जरूर आखावा, पण त्याआधी एवढे वाचावे, म्हणून हा प्रपंच.

शब्द आपल्याच नात्यातला

'सफारी' हा शब्द आपल्याला परका वाटतो, पण तो आपल्या 'सफर'चा सख्खा भाऊ आहे. अरबीतला 'सफर' फारसीच्या वाटेने मराठीत आला, आणि तोच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. स्वाहिली माणसाच्या लेखी सफारी म्हणजे कोणताही प्रवास. त्यात सिंह असलाच पाहिजे असे नाही.

एकोणिसाव्या शतकात अशी सफारी निघे ती व्यापाऱ्यांची. झांझिबारसमोरच्या किनाऱ्यावरून शेकडो हमाल कापड, मणी आणि तार घेऊन आत जात आणि परतताना हस्तिदंत आणत. त्याच वाटेने गुलामांचे तांडेही किनाऱ्याकडे हाकले जात. झांझिबारच्या जकातीचा मक्ता बराच काळ जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. हस्तिदंताचा मोठा भाग मुंबई बंदरात उतरे. त्यातला काही युरोपला जाई, तर काही गुजरात-राजस्थानात नववधूच्या हातातला चुडा होई. म्हणजे आफ्रिकेचा हत्ती आणि हिंदुस्थानातले लग्न यांचा संबंध मधुचंद्राहून पुष्कळ जुना आहे. तेव्हा हत्ती मरून नवरीच्या मनगटावर येई. आता नवरी जिवंत हत्ती पाहायला त्याच्या दारी जाते. ही प्रगतीच म्हणायची, पण ती आपोआप झालेली नाही.

हौसेखातर आफ्रिकेत शिकारीला जाण्याचा पायंडा पाडणाऱ्यांत विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस याचे नाव अग्रभागी येते. हा मुंबई इलाख्याच्या लष्करातला इंजिनिअर. प्रकृती सुधारण्यासाठी रजा मिळाली म्हणून १८३६ मध्ये तो केपला गेला, आणि विश्रांती घ्यायची सोडून बैलांचे गाडे जोडून उत्तरेकडे शिकारीला निघाला. त्या मुलखावर मझिलिकाझी या राजाची सत्ता होती. त्याच्या परवानगीवाचून तिथे शिकार करणे शक्य नव्हते. हॅरिसने नजराणे देऊन ती मिळवली. त्याचे प्रवासवर्णन १८३८ मध्ये मुंबईतल्या अमेरिकन मिशन छापखान्यात छापले गेले, आणि १८४८ मध्ये तो पुण्याजवळ वारला. या गृहस्थाने जनावरे बेसुमार मारली, हे खरे. पण राजाच्या दारी थांबून त्याने परवानगी मागितली, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे आलेल्यांना ती गरज वाटली नाही.

लोहमार्ग आणि तो टाकणारे हात

पूर्व आफ्रिकेतले रान साहेबाच्या आटोक्यात आले ते आगगाडीमुळे. १८९६ मध्ये मोंबासाहून युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले. १८९९ मध्ये रूळ आजच्या नैरोबीच्या जागी पोचले, आणि १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला भिडले. या कामावर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर कराराने नेले होते. त्यांतले जवळजवळ २,५०० तिथेच दगावले. १८९८ मध्ये त्सावो नदीवर पूल बांधताना दोन सिंहांनी तंबूंतून मजूर ओढून नेले, ती हकीकत जगप्रसिद्ध आहे. त्या सिंहांना मारणाऱ्या पॅटर्सनचे नाव सर्वांना ठाऊक असते. मेलेल्या मजुरांपैकी एकाचेही नाव सहसा कुणाला सांगता येत नाही. आज त्सावो हे केनियातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे आणि आजही रेल्वे त्यातूनच जाते.

रुळांच्या मागोमाग हिंदी दुकानदार गेला. स्वाहिलीत दुकानाला 'डुका', गाडीला 'गारी' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात, ही त्याचीच खूण. चपातीही तिथे चपातीच आहे. १९२० पर्यंत तिथले चलनसुद्धा रुपयाच होता. गोव्याची माणसे कारकून, शिंपी, आचारी म्हणून गेली. त्यांतले डॉ. रोझेंदो आयरिस रिबेरो हे नैरोबीचे पहिलेवहिले खाजगी डॉक्टर. माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून ते रोगी तपासायला निघत. १९०२ मध्ये नैरोबीच्या हिंदी बाजारात प्लेग शिरला, तेव्हा तो ओळखणारे रिबेरोच. सरकारने उपाय केला तो बाजार जाळण्याचा! पुढे नैरोबीतल्या गोवेकरांच्या शाळेला या डॉक्टरांचे नाव दिले गेले.

साहेबी शिकारीचा थाट आणि जोडपी

रेल्वेला उतारू हवे होते, म्हणून लंडनमध्ये भित्तिपत्रके लावली गेली: थंडीत आफ्रिकेच्या उंच पठारावर या, गाडीच्या खिडकीतून जनावरे पाहा. १९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुलासह आले आणि दोघांनी मिळून पाचशेहून अधिक मोठी जनावरे मारली. सामान वाहायला अडीचशेच्या आसपास हमाल होते. हमालाच्या डोक्यावरचे ओझे साधारणपणे ६० पौंडांचे, म्हणजे सत्तावीस किलोंचे. तंबू, टेबले, पुस्तके, स्नानाचे टब हे सारे माणसांच्या डोक्यावरून रानात गेले. आज जिला 'तंबूतली चैन' म्हणतात, तिची सुरुवात ही अशी आहे.

या थाटात लवकरच स्त्रिया आणि मग जोडपी आली. ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे सहावे जॉर्ज, आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ हे लग्नानंतर पावणेदोन वर्षांनी, १९२४ च्या डिसेंबरात केनिया-युगांडाच्या सफारीवर निघाले. त्याच सुमारास अमेरिकेच्या कॅन्ससमधले मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे जोडपे उत्तर केनियात मार्साबिटच्या डोंगरात एका तळ्याकाठी राहू लागले. तळ्याला त्यांनी नाव दिले 'पॅरडाइज', म्हणजे नंदनवन. तिथे चारेक वर्षे राहून त्यांनी वन्य प्राण्यांची चित्रे घेतली. मार्टिन कॅमेऱ्याचे हँडल फिरवी, आणि ओसा बंदूक रोखून त्याचे रक्षण करी. १९३७ मध्ये विमान अपघातात मार्टिन गेला. ओसाने १९४० मध्ये लिहिलेल्या आठवणी अमेरिकेत घरोघर वाचल्या गेल्या, आणि 'नवरा-बायको व आफ्रिकेचे रान' हे चित्र लोकांच्या मनात पक्के झाले. त्यांची घरे बांधणारे, पाणी आणणारे, सामान वाहणारे आफ्रिकी मात्र त्या चित्राच्या कडेलाच राहिले.

या चित्रावर कळस चढवला तो १९८५ च्या 'आउट ऑफ आफ्रिका' या चित्रपटाने. सात ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाचा आधार म्हणजे डॅनिश लेखिका कॅरन ब्लिक्सनच्या आठवणी. जानेवारी १९१४ मध्ये मोंबासाला उतरताच तिचे लग्न लागले. पुढे ते मोडले, कॉफीचा मळा बुडाला, आणि तिचा प्रियकर डेनिस फिंच हॅटन १९३१ मध्ये विमान कोसळून गेला. चित्रपटातली मेजवानी, ग्रामोफोन आणि विमानातून दिसणारी रानाची शोभा सर्वांना आठवते. पण मळा विकला गेला तेव्हा त्यावर राहणाऱ्या किकुयू कुटुंबांना एकत्र राहायला जमीन मिळावी म्हणून ती सरकारदरबारी खेटे घालत होती, हे फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही.

झाडावरची एक रात्र

न्येरीजवळ आबरडेअरच्या जंगलात शरब्रुक वॉकर नावाच्या गृहस्थाने १९३२ मध्ये एका प्रचंड झाडावर खोल्या बांधल्या, तेच 'ट्रीटॉप्स'. खाली पाणवठा आणि क्षाराची जागा. रात्री हत्ती-गेंडे तिथे येत. राजकन्या एलिझाबेथला १९४७ च्या लग्नात केनियाकडून भेट मिळाली होती ती जवळच्याच सागाना बंगल्याची. ५ फेब्रुवारी १९५२ रोजी ती पतीसह ट्रीटॉप्सवर गेली. त्याच रात्री इंग्लंडात सँडरिंगहॅमला तिचे वडील वारले आणि झाडावर चढलेली राजकन्या उतरली ती राणी होऊन. रात्रभर वर बंदूक घेऊन पहारा देत होता शहात्तर वर्षांचा जिम कॉर्बेट. कुमाऊँच्या नरभक्षकांचा हा शिकारी हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर बहिणीसह न्येरीला येऊन राहिला होता.

गोष्ट रम्य आहे, पण ती इथे संपत नाही. भोवतीची सुपीक जमीन किकुयूंची; ती गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटली गेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात माऊ माऊ उठावामुळे आणीबाणी पुकारली गेली, आणि मे १९५४ मध्ये ट्रीटॉप्सची राख झाली. १९५७ मध्ये ते पुन्हा बांधले गेले. एकाच झाडाकडे राणी, शिकारी आणि जमीन गमावलेला शेतकरी असे तिघे पाहत होते. तिघांना दिसले ते एकच असेल काय?

रान रिकामे कसे झाले

मासाईंची गोष्टही अशीच. १९०४ च्या कराराने त्यांना रिफ्ट खोऱ्यातल्या उत्तम कुरणांतून हलवले. उत्तरेकडे लायकिपियाचा मुलूख 'कायमचा' दिला. १९११ मध्ये दुसरा करार झाला आणि तेथूनही त्यांना दक्षिणेकडे काढले. मासाई कोर्टात गेले, १९१३ मध्ये हरले. सीमेपलीकडे टांगानिकात सेरेंगेटी हे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९५९ मध्ये तिथल्या मासाईंना उठवून न्गोरोंगोरोच्या बाजूला नेले. दोन वसाहतवाल्यांनी नकाशावर ओढलेली रेघ त्यांच्या कुरणांमधून गेली. ती हरणांच्या कळपांनी कधीच मानली नाही; माणसांना मात्र मानावी लागली. हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये लोलिओंडोत सीमाखांब रोवताना टांझानियाचे पोलीस आणि मासाई यांच्यात चकमक झाली. ज्या रानाला आपण 'माणसाचा स्पर्श न झालेले' म्हणतो, तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरे चरत होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली. १९८९ च्या जुलैत नैरोबी उद्यानात बारा टन हस्तिदंताची होळी करून जगाला बजावले की चुड्याचा आणि चैनीचा हा व्यापार आता पुरे. विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला पाहुणा म्हणून पाऊल टाकता येत नसे, त्या देशात आज आपली मुले मानाने उतरतात. आणि गेल्या वीसेक वर्षांत मासाई माराच्या कडेने एक नवी व्यवस्था रुजली आहे. मासाई जमीनमालक एकत्र येऊन आपली जमीन जनावरांसाठी राखतात, तंबू-मालक त्यांना भाडे देतात, आणि ठरलेल्या नियमाने गुरेही चरतात. २०२० च्या साथीत प्रवासी थांबले, तेव्हा या भाड्याची चणचण कुटुंबाकुटुंबाला जाणवली. पाहुणा येण्या-न येण्यावर तिथले घर आणि तिथला सिंह दोघेही अवलंबून आहेत.

बेत आखताना

तेव्हा बेत आखताना काय पाहावे? जुलै ते ऑक्टोबर मारात मोठे कळप असतात. फेब्रुवारीच्या सुमारास सेरेंगेटीच्या दक्षिणेला पाडसे जन्मतात. मार्च ते मे लांब पावसाचा काळ. पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी आणि तिचे कार्ड जपावे, नाहीतर परतताना आपल्याच विमानतळावर अडकून पडावे लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. प्लॅस्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत. केनियात २०१७ पासून त्यांना बंदी आहे. हे सारे प्रवासी कंपनीही सांगेल.

कंपनी सहसा सांगणार नाही असा प्रश्न एकच आहे, आणि तो आपणच विचारला पाहिजे: हा तंबू कुणाच्या जमिनीवर आहे, आणि त्या माणसाला भाडे मिळते का? दोन मुक्कामांचे दर सारखे असतील, तर या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारा निवडावा. पैसे थोडे अधिक पडले तरी निवडावा. गाडी चालवणाऱ्याचे आणि स्वयंपाक करणाऱ्याचे नाव पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. 'गारी', 'चपाती', 'पेसा' हे शब्द तर आपल्याला येतातच, त्यांत 'आसांते' म्हणजे 'आभार' या एका शब्दाची भर घालावी.

हॅरिसला रानात शिरण्यापूर्वी राजाची परवानगी मागावी लागली होती. आज ती पर्यटकाकडून कुणी मागत नाही. म्हणूनच ती आपण होऊन मागण्यात सभ्यता आहे. नव्या संसाराची सुरुवात करताना दोघांनी मिळून एवढे केले, तर त्यांना एकांतही मिळेल आणि तो कुणाला उठवून मिळवलेला नसेल.