बैलाचा दम आणि विहिरीचा तळ

‘मोट बांधणे’ हा शब्दप्रयोग हल्ली आपल्याला निवडणुकीच्या बातम्यांत भेटतो. अमक्यानं सगळ्या विरोधकांची मोट बांधली, तमक्याची मोट सुटली. ती मोट म्हणजे गाठोडं. मी आज बोलणार आहे ते दुसऱ्या मोटेबद्दल. विहिरीतून पाणी उपसणारी चामड्याची मोट, आणि ती ओढणारे बैल.

बैल म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नांगर येतो, गाडी येते. पोळ्याला किंवा बेंदराला रंगवलेली शिंगं आणि अंगावरच्या झुली आठवतात. पण बैलाच्या वाट्याला आलेलं फार कष्टाचं काम विहिरीवर होतं. नांगरणी हंगामापुरती. मोट मात्र बागाईत असेल तिथे पावसाळा सरला की सुरू होई आणि पुढचा पाऊस येईपर्यंत चाले.

ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. हत्तीला सोंड असावी तशी तिला खाली चामड्याची सोंड. मोटेच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा वरच्या चाकावरून जाई, सोंदूर विहिरीच्या काठाशी बसवलेल्या खालच्या रुळावरून. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. बैल चालू लागले की मोट वर येई. येताना सोंड वर दुमडलेली राही, म्हणून पाणी सांडत नसे. काठाशी आल्यावर मोट वरच्या चाकाकडे उचलली जाई, सोंड मात्र रुळावरून अलगद बाहेर ओढली जाई आणि शे-दीडशे लिटर पाणी भसकन थारोळ्यात पडे. तिथून पाटानं शेतात. मोट कलती करायला विहिरीच्या तोंडाशी माणूस लागत नसे. ज्या कुणी हे पहिल्यांदा जमवलं त्याचं नाव इतिहासात नाही, पण तो मोठा यंत्रज्ञ होता यात शंका नाही.

बैल ज्या उतारावरून चालत त्याला धाव म्हणत. विहीर खोल, तर धाव लांब. उतारावर मोट हाकणारा स्वतः नाड्यावर बसे, म्हणजे त्याच्या वजनाची बैलांना तेवढीच मदत. पाणी पडल्याचा आवाज झाला की बैल थांबत. जुन्या मुरलेल्या बैलांना ‘थांब’ म्हणावंच लागत नसे, त्यांचे कान थारोळ्याकडे असत. मग सुरू होई खरी परीक्षा. बैलांनी तोंड न फिरवता, पाठीमागे पावलं टाकत, तोच चढ चढायचा. असं दिवसभर. मोटेवरची गाणी आपल्याला गोड वाटतात, पण ती करमणुकीसाठी नव्हती. गाण्याच्या लयीवर माणूस आणि बैल दोघांचं पाऊल पडे, दोघांचा थकवा वाटला जाई. आणि तरीही सांगितलं पाहिजे की ते काम बैलाच्या जिवावर येई. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी लावतात. त्या खांदेमळणीमागे भक्ती आहे, तशी सूज उतरवण्याची गरजही आहे.

एका मोटेमागे गाव उभा असे. चाक सुताराचं, लोखंडी कडं लोहाराचं. कातडं कमावणारे ढोर, मोट शिवणारे चांभार, नाडा-सोंदूर वळणारे मांग. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या पुस्तकात बलुतेदारीची ही सारी देवघेव वाचायला मिळते. मेलेल्या जनावराचं कातडं मोट होऊन पुन्हा विहिरीवर येई आणि ते जिवंत बैल ओढत. पण या चित्राची दुसरी बाजूही आहे. ज्यांच्या हातची मोट आणि ज्यांच्या हातचा दोर दिवसभर त्या पाण्यात बुडत, त्यांनाच गावच्या विहिरीवर पोहरा टाकायची बंदी होती. चामड्याचा विटाळ नाही आणि ते कमावणाऱ्याचा मात्र विटाळ! महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो प्रश्न विचारला, तो गावोगावच्या विहिरींवर पिढ्यान् पिढ्या साचलेला होता.

साताऱ्याजवळ लिंब गावी ‘बारा मोटेची विहीर’ आहे. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधली. तिच्यावर एकाच वेळी बारा मोटा चालवण्याची सोय होती. पाणी भोवतालच्या आमराईसाठी. बारा मोटा म्हणजे निदान बारा जोड्या, चोवीस बैल! त्यांचा चारा, त्यांची निगा, बारा हाकणारे. हे राजघराण्यालाच परवडावं. साध्या कुणब्याच्या विहिरीवर एक मोट असे, फार तर दोन. बागाईत किती करायचं हे त्याच्या मनावर नव्हतं, गोठ्यातल्या बैलांवर होतं. महसुली दफ्तरातसुद्धा पाटाच्या पाण्याची जमीन ती ‘पाटस्थळ’ आणि मोटेची ती ‘मोटस्थळ’. जमिनीची जातच बैलाच्या कामावरून ठरे.

म्हणूनच बैल गेला की शेतकरी बसे. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसांबरोबर जनावरंही मोठ्या संख्येनं मेली. त्यानंतर सरकारनं दोन कायदे केले. १८८३चा जमीन सुधारणा कर्जाचा, ज्यातून विहिरीला तगाई मिळे. आणि १८८४चा शेतकरी कर्जाचा, ज्यातून बी-बियाणं आणि बैल घेता येत. विहिरीला एक कायदा, बैलाला दुसरा. कारण एकावाचून दुसरं कुचकामी. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तर स्पष्ट तरतूद आहे की शेतकऱ्याची अवजारं आणि शेतीला लागणारी जनावरं सावकाराला जप्त करता येत नाहीत. सुताराची करवत, तसा कुणब्याचा बैल.

मग यंत्र आलं. किर्लोस्करवाडीचे पंप, तेलावरची इंजिनं, स्वातंत्र्यानंतर खेड्यात पोचलेली वीज. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बघता बघता धावा ओस पडल्या. चाकं पडवीत गेली. हे वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पहाटेच्या अंधारात थंडीत मोट धरणाऱ्या माणसाला आणि उलट्या पावलांनी चढ चढणाऱ्या बैलाला विचारा. त्यांची सुटका झाली, ती व्हायलाच हवी होती.

पण जाताना बैल आपल्याबरोबर एक गोष्ट घेऊन गेला. ती म्हणजे मर्यादा. बैलजोडीची ताकद जेमतेम एक अश्वशक्ती. दुपारी ती दमे, सोडावीच लागे. बैल सावलीत रवंथ करी, तेवढ्या वेळात विहिरीचे झरे पुन्हा पाणी भरत. रात्री तर विहिरीला पुरी विश्रांती. बैलाचा दम हाच भूजलाचा पहारेकरी होता. पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दम लागत नाही. वीज असेपर्यंत ती ओढते, विहीर कोरडी पडेपर्यंत ओढते. १९७२च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी वाढल्या आणि आपण आणखी खोल गेलो, जिथे कुठलीही धाव पोचली नसती. १९९३ साली पिण्याच्या पाण्याचे स्रोत राखायला भूजलाचा कायदा करावा लागला. बैल जे न सांगता करत होता, ते कागदावर लिहायची वेळ आली. कायदा कागदावर राहिला तर विहीर भरत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये यावर उपाय सांगून ठेवला आहे. सरकारनं आपल्या पलटणी आणि पोलीस कामाला लावून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरेल आणि झऱ्यांवाटे विहिरींना मिळेल. उपसण्याआधी मुरवण्याचा विचार, आणि तोही मोटेच्या काळात! आज आपला उपसा कितीतरी पटींनी वाढला आहे. मुरवणं त्या प्रमाणात वाढलं आहे का?

मोट परत आणा, असं कुणी म्हणणार नाही. बैल मात्र आजही राबतो आहे. साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या गाड्यांपुढे तो दिसतोच. पण विहिरीवरचं त्याचं काम संपलं, आणि त्यातलं निम्मं आपण यंत्राला दिलं. उपसायचं काम दिलं, थांबायचं काम कुणालाच दिलं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे आपण लहानपणी पाठ केलं. थांबायचं ते राहिलेलं काम आता माणसालाच करावं लागेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)