नाव, वंशवृक्ष आणि स्वाक्षरी : ‘एदमों द बेलामी’ या यंत्रनिर्मित व्यक्तिचित्राची चिकित्सा

युरोपीय परंपरेतील व्यक्तिचित्र तीन पक्षांच्या संबंधावर उभे असते. चित्रकारासमोर बसणारी व्यक्ती, तिला न्याहाळणारा चित्रकार आणि या भेटीची साक्ष कालांतराने वाचणारा प्रेक्षक हे ते तीन पक्ष होत. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी न्यूयॉर्क येथील क्रिस्टीज या लिलावगृहात ‘एदमों द बेलामी’ हे चित्र ४,३२,५०० डॉलरना विकले गेले, तेव्हा यांपैकी पहिला पक्ष अस्तित्वातच नव्हता. अपेक्षित किंमत ७ ते १० हजार डॉलर एवढीच होती.

काळा कोट, पांढरी कॉलर आणि पुसट चेहरा असलेला हा पुरुष पॅरिसमधील ‘ऑब्व्हियस’ या तिघांच्या गटाने सादर केला. त्यासाठी चौदाव्या ते विसाव्या शतकांतील सुमारे १५,००० व्यक्तिचित्रे संगणकाला पुरविण्यात आली. इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन जाली परस्परांविरुद्ध कार्य करतात. एक प्रतिमा रचते; दुसरे ती मानवनिर्मित चित्रांपासून वेगळी ओळखता येते का, हे तपासते. पहिल्याची प्रतिमा दुसऱ्याला ओळखता येईनाशी होणे, हे या प्रक्रियेचे साध्य असते.

मात्र एवढ्याने प्रतिमेला ‘व्यक्ती’ लाभत नाही. ती लाभली साहित्यिक साधनांमुळे. ‘बेलामी’ हे आडनाव म्हणजे ‘गुडफेलो’चे फ्रेंच रूपांतर, मोपासाँच्या १८८५ मधील कादंबरीचे शीर्षकही फ्रेंच वाचकाला त्यातून आठवावे. एकूण अकरा चित्रांचा कल्पित वंशवृक्ष रचण्यात आला. झोलाने वीस कादंबऱ्यांतून एका कुटुंबाची वंशावळ उभी केली होती. तेथे आनुवंशिकता हे कथानकाचे कारण होते, येथे कथानकाविना केवळ वंशावळच उरते. स्वाक्षरीच्या जागी गणिती सूत्र छापून कर्तृत्व यंत्राकडे सोपविल्याचा आभास निर्माण करण्यात आला.

या आभासाने एक मानवी नाव झाकले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. निर्मितीसाठी आधारभूत ठरलेली संगणकीय संहिता रॉबी बॅरट या तरुण कलावंताने सर्वांसाठी खुली केली होती. तिचा वापर झाल्याचे गटाने मान्य केले. तथापि स्वाक्षरीत ना बॅरट आहे, ना त्या १५,००० चित्रांचे कर्ते. हॅरल्ड कोहेन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभापासून विकसित केलेल्या ‘आरॉन’ या आज्ञावलीशी तुलना केल्यास हा भेद स्पष्ट होतो. तिचे नियम कोहेन यांनी स्वतः लिहिले होते. त्यामुळे कर्त्याचा माग लागत असे.

रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती अर्थनिर्णयाचा अधिकार वाचकाकडे यावा म्हणून. यंत्राच्या स्वाक्षरीने मात्र तो अधिकार वाचकाकडे येत नाही. श्रेय आणि मोबदला कोणाचा, एवढाच प्रश्न धूसर होतो. अन्य एका यंत्रनिर्मित चित्राविषयी अमेरिकी न्यायालयाने २०२३ मध्ये, आणि अपील न्यायालयाने २०२५ मध्ये, स्वामित्वहक्कासाठी मानवी कर्ता आवश्यक मानला. कायद्याने यंत्राला कर्ता मानण्यास नकार दिला असला, तरी वगळलेल्या मानवी कर्त्यांची नोंद त्याने आपोआप होत नाही. ते काम साहित्येतिहासाला परिचित असलेल्या पाठचिकित्सेचेच आहे : कोणत्या संहितेतून काय आले, आणि कोणाचे नाव गळाले, हे शोधण्याचे.